तोंडाला वास येत नाही तेव्हा: आइस आणि एमडीचं व्यसन ओळखणं आणि त्यावरचे उपचार

दारू पिऊन आलेला माणूस घराला लगेच कळतो. वास येतो, पाय लटपटतात, जीभ जड होते. आपल्याकडे भावकीत किंवा गल्लीत दारूने वाया गेलेला एखादा माणूस नाही असं घर विरळाच. त्यामुळे व्यसन म्हटलं की आपल्याला दारू कळते आणि उपायही दारूचेच सुचतात. पंधरा दिवस केंद्रात ठेवा, गोळी चालू करा, माळ घाला, लग्न लावून द्या. मेथाम्फेटामाइनच्या बाबतीत, म्हणजे पोरं ज्याला 'आइस' किंवा 'क्रिस्टल' म्हणतात त्या नशेच्या बाबतीत, ही सगळी शिदोरी उपयोगाला येत नाही. दारूच्या हिशोबाने चाललं की ओळखायला उशीर होतो. घाई नको तिथे घाई होते. आणि नशा बंद झाल्यानंतरच्या ज्या महिन्यांत माणसाला खरी साथ हवी असते, तेव्हाच घर 'आता सुटलं' म्हणून निर्धास्त होतं.

मी कोल्हापुरात व्यसनमुक्तीच्या कामात समुपदेशक आहे. रुग्णापेक्षा जास्त वेळ मी त्याच्या आईशी, बायकोशी, मोठ्या भावाशी बोलते. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आधी पदार्थ कोणता ते समजून घ्या

मेथाम्फेटामाइन मेंदूला पळवणारा पदार्थ आहे. दारू आणि गांजा माणसाला सैल करतात, हा त्याला ताणतो. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं. चांगलं जेवण, कुस्ती जिंकणं, पगार हातात पडणं, अशा आनंदाच्या वेळी ते थोडं थोडं सुटतं. मेथ ते एकदम आणि प्रचंड प्रमाणात सोडायला लावतं. अंमल आठ ते बारा तास टिकतो. भूक मरते, झोप उडते, अंगात दहा माणसांचं बळ आल्यासारखं वाटतं. खड्यांच्या किंवा पावडरीच्या रूपात तो ओढतात, हुंगतात, काही जण टोचूनही घेतात.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. हा वेगळा पदार्थ, पण जात तीच. आपल्या भागात याचंच नाव जास्त ऐकू येतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई पोलिसांनी चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीत एमडी तयार करण्याचा कारखाना उघडकीस आणला, तेव्हा हे मुंबई-पुण्याचं दुखणं आहे असं म्हणायची सोय राहिली नाही. एमडीचा अंमल दोन-चार तासांतच उतरतो. म्हणून एका रात्रीत पुन्हा पुन्हा घेतलं जातं, आणि व्यसन लवकर घट्ट होतं.

तिसरी गोष्ट मेफेंटरमाइनचं इंजेक्शन. भूल दिल्यावर उतरलेला रक्तदाब चढवायला डॉक्टर वापरतात ते औषध. जिममधली काही पोरं 'व्यायामाला दम येतो' म्हणून ते बाहेरून मिळवून टोचून घेतात. हेही याच कुळातलं आहे. तालमीत, जिममध्ये जाणारा मुलगा दारू-सिगारेटला शिवत नाही म्हणून घर निश्चिंत असतं, आणि दंडावर, हातावर सुईच्या खुणा दिसल्या तर 'प्रोटीनचं असेल' म्हणून सोडून देतं. तसं सोडू नका. प्रोटीन शिरेतून घेत नाहीत.

तिन्हींवरच्या उपचारांचा रस्ता बराचसा सारखा आहे. तरी डॉक्टरला नेमका पदार्थ सांगा, कारण तपासण्या वेगळ्या पडतात.

ओळख: वास शोधू नका, झोप बघा

या नशेचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे आठवड्याचं वेळापत्रक. दोन-तीन दिवस माणूस झोपत नाही, जेवत नाही. मग एकदम कोसळतो, चोवीस-चोवीस तास झोपतो आणि उठून अधाशासारखा खातो. दोन दिवस चिडचिडा, रडवेला राहतो. मग पुन्हा तेच.

पेठेतल्या एका आईने बचत गटाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून आणलं होतं, ते तिच्या परवानगीने इथे देते. "सोमवार. रात्रभर लाइट. सकाळी चहा घेतला, भाकरीला हात लावला नाही. मंगळवार. परत जागा. पहाटे चारला गाडीचा कार्बोरेटर सोडून बसलेला. कागदावर स्क्रू ओळीने लावलेले. बुधवार. जेवण नाही. खिडकीतनं सारखा रस्त्यावर बघतोय. गुरुवार दुपारी झोपला. शुक्रवार झोपूनच. संध्याकाळी उठून सहा भाकऱ्या खाल्ल्या, परत झोपला." डॉक्टरने हे पान वाचलं आणि निम्मं निदान तिथेच झालं. तुम्हालाही मी पहिली पायरी हीच सांगेन. पंधरा दिवस गुपचूप अशी नोंद ठेवा. वार, झोपेची वेळ, जेवण, मूड, खर्च. आरोप करायच्या आधी एवढं हातात असू द्या.

पहाटेचा तो सोडलेला कार्बोरेटर महत्त्वाचा आहे. या नशेत माणूस एकच बारीक काम तासन्‌तास करत राहतो. मोबाइल उघडतो, कपाट पुन्हा पुन्हा लावतो, फरशीवर काहीतरी शोधत बसतो. बाकीच्या खुणाही बघा. भर उन्हात डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या असतात. दात करकरा चावतो, जबडा हलत राहतो, तोंड कोरडं पडतं. वजन काही आठवड्यांत उतरतं. बोलण्याला ब्रेक राहत नाही. कातडीखाली किडे वळवळतात असं वाटून हात, चेहरा खाजवून फोडतो, आणि त्या जखमा भरायच्या आत पुन्हा उकरतो. दात झपाट्याने किडतात. पुढच्या टप्प्यात संशय येतो. 'माझा फोन कुणीतरी ऐकतंय', 'गल्लीत गाडी थांबली ती माझ्यासाठीच'. बायकोवर संशय. नसलेले आवाज ऐकू येणं.

खोलीत काचेची छोटी नळी, तळाशी काळी पडलेली चांदीची पन्नी, फोडलेला बल्ब, कापलेल्या स्ट्रॉ, बोटभर लांबीच्या प्लॅस्टिकच्या पुड्या सापडल्या तर संशयाला आधार मिळतो. बँकेच्या खात्यावर रात्री उशिरा त्याच दोन-तीन नंबरांना गेलेले छोटे छोटे पेमेंट, कर्ज देणाऱ्या ॲपचे मेसेज, गहाण पडलेली अंगठी, हेही बघा.

मात्र एक खबरदारी घ्या. झोप न लागणं, बडबड, उधळपट्टी ही लक्षणं बायपोलर आजारातल्या उन्मादाचीही असतात आणि थायरॉइड वाढल्यावरही काही अशीच दिसतात. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यात किंवा इचलकरंजीत मागावर रात्रपाळी करणाऱ्याची झोप तशीही मोडलेली असते. म्हणून निदान घरात करायचं नाही. घराने नोंद ठेवायची, निदान डॉक्टरने करायचं.

लघवीच्या तपासणीचं किट मेडिकलमध्ये मिळतं. मेथ साधारण एक ते चार दिवसांपर्यंत दिसतं, रोज घेणाऱ्यात थोडं जास्त. पण साध्या किटवर मेफेड्रोन बहुतेक वेळा पकडलं जात नाही, त्यामुळे 'निगेटिव्ह आलं' म्हणजे सुटलो असं नाही. उलट सर्दीच्या काही औषधांनी खोटं पॉझिटिव्हही येतं. किटच्या एका रेघेवर पोराला घराबाहेर काढू नका. शंका असेल तर प्रयोगशाळेतली पक्की तपासणी डॉक्टर सांगतात.

या वेळी थांबू नका

छातीत दुखतंय, अंग तापून भाजतंय, झटके येतायत, तोंड किंवा एक हात अचानक लुळा पडलाय, शुद्ध हरपतेय, यातलं काहीही दिसलं तर वहीबिही बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. मेथमुळे विशीतल्या पोरालाही हार्ट ॲटॅक आणि पक्षाघात होऊ शकतो. गाडी येईपर्यंत त्याला सावलीत, पंख्याखाली आणा, जादा कपडे काढा, ओल्या टॉवेलने अंग पुसत राहा, काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, एका कुशीवर वळवा. चार जणांनी मिळून पालथा दाबून धरणं हे सगळ्यात धोक्याचं. त्यात श्वास कोंडून माणूस दगावतो. काय घेतलंय ते रुग्णालयात खरं सांगा. याला उतारा देणारं औषध नाही, पण शांत करणारी, ताप आणि रक्तदाब आवरणारी औषधं वेळेत मिळाली तर जीव वाचतो.

संशयाने पेटलेला, हातात काहीतरी घेतलेला माणूस समोर असेल तर वाद घालू नका. 'तसं काही नाहीच' असं पटवायला जाऊ नका, 'हो, खरंच आहे' असंही म्हणू नका. आवाज हळू ठेवा, दार मोकळं ठेवा, मुलांना शेजारी पाठवा आणि गरज पडली तर ११२ ला फोन करा.

बोलायचं कसं

नशा चढलेली असताना बोलायचं नाही. तीन दिवस जागून आलेला असतानाही नाही. तो झोपून उठल्यावर, पोटभर जेवल्यावर, घरात एकच माणूस असताना बोला. मामा, काका, गल्लीतले नेते यांची बैठक बसवू नका. चारचौघांत मान खाली गेलेला पोरगा पुढे खोटं बोलायला लागतो, बाकी काही साधत नाही.

त्याच वहीतल्या आईने काय बोलायचं ते आम्ही दोघींनी आधी ठरवलं होतं. ती म्हणाली ते असं: "बाळा, मागल्या आठवड्यात तीन रात्री तू झोपला न्हाईस. मी बघायलोय. भांडाय आलो न्हाई. मला भ्या वाटायलंय. उद्या दवाखान्यात जाऊया, मी संगं येतो." एवढंच. त्याने आधी नाकारलं. ती उठून भांडी घासायला गेली, वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, त्याच शब्दांत. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "पोलिसात देणार न्हाईस न्हवं?"

हा प्रश्न जवळपास प्रत्येकाच्या मनात असतो. उत्तर तयार ठेवा. डॉक्टर उपचारासाठी आलेल्याची माहिती गुप्त ठेवायला बांधील आहेत. आणि एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये अशी तरतूद आहे की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातल्या पदार्थाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. विक्रीला ही सूट नाही. प्रकरण पोलिसांपर्यंत गेलेलं असेल तर मात्र वकिलाला भेटा.

तो तयार होत नसला तरी तुम्ही एकटे जाऊ शकता. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६.

पहिली ओपीडी

कोल्हापुरात माझी पहिली शिफारस सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाचीच असते. ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे, तिथे मानसोपचार विभाग आहे आणि हृदयापासून दातांपर्यंतचे डॉक्टर एकाच छताखाली मिळतात. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. रांगेत ओळखीचं कुणी भेटेल या धास्तीने बरीच घरं थेट दूरच्या खासगी केंद्रात जातात. ती धास्ती मला कळते. पण मानसोपचार विभागात झोपेच्या, डोकेदुखीच्या, काळजीच्या तक्रारीसाठीही माणसं येतात. कुणाच्या कपाळावर कारण लिहिलेलं नसतं. खासगी मानसोपचारतज्ज्ञ परवडत असेल तर तोही चांगलाच पर्याय. फक्त मानसोपचारातली एम.डी. ही पदवी घेतलेला डॉक्टर आहे ना ते बघा. 'व्यसनमुक्ती तज्ज्ञ' अशी पाटी कुणीही लावतं.

जाताना वही, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणि जुने कागद न्या. सोबत दारू, गांजा, ट्रामाडोलसारख्या वेदनाशामक गोळ्या किंवा झोपेच्या गोळ्या घेत असेल तर तेही सांगा, कारण काही औषधांशी त्यांचा जीवघेणा मेळ बसतो. मेथ एकदम बंद केलं तरी दारूसारखे झटके सहसा येत नाहीत. पण रोजची दारू किंवा झोपेच्या गोळ्या अचानक बंद केल्या तर येऊ शकतात. रक्तदाब, ईसीजी, साखर, यकृताच्या तपासण्या होतात. टोचून घेत असेल किंवा नशेत असुरक्षित संबंध आले असतील तर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या तपासण्याही करून घ्या. नशेत लैंगिक इच्छा भडकते, हे घरच्यांसमोर कुणी बोलत नाही, म्हणून डॉक्टरला त्याच्याशी एकट्याशी बोलू द्या. आईवडिलांनी दहा मिनिटं बाहेर बसावं. हिपॅटायटिस सी आज गोळ्यांनी बरा होतो आणि सरकारी कार्यक्रमातून उपचार मोफत मिळतात.

पहिले पंधरा दिवस

नशा थांबली की पहिले काही दिवस तो झोपेल, खाईल आणि पुन्हा झोपेल. झोपू द्या. 'दिवसभर लोळतोय' म्हणून उठवून शेतात किंवा दुकानावर पाठवू नका. हाक मारल्यावर उठतो ना, श्वास नीट चालू आहे ना, एवढं अधूनमधून बघा. उठला की भाकरी, वरण-भात, दूध, अंडी जे आवडेल ते पुढे ठेवा. पाणी भरपूर.

त्यानंतर जे येतं त्याची घराला कल्पना नसते. उदासी. रडू. कशातच राम वाटत नाही. झोप उलटी होते, स्वप्नं भयंकर पडतात आणि तलफ येते. हा काळ साधारण दोन-तीन आठवडे तीव्र असतो आणि यात आत्महत्येचा धोका खरा आहे. 'जीव द्यावासा वाटतो का?' असं सरळ विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट मोकळं होता येतं. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आपल्याकडे घरोघरी उसाचं तणनाशक, कीटकनाशक पडवीत उघड्यावर असतं. ते आजच कुलपात घाला किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवा. सुरक्षिततेसाठी घरच्यांच्या हातात याच्याइतकी प्रभावी दुसरी गोष्ट नाही.

झोपेची गोळी मेडिकलमधून परस्पर आणून देऊ नका. चहातून गुपचूप द्यायची म्हणून जी पावडर विकतात, ती तर अजिबात नको. दारूसाठीची जी गोळी घेऊन वर दारू प्यायली की त्रास होतो, तिचा इथे काही उपयोग नाही. दारूच्या बाबतीतही ती न सांगता देणं जिवावर बेतू शकतं.

संशय, आवाज ऐकू येणं, हे चालू असेल तर डॉक्टर काही काळ त्यावरची औषधं देतात. बहुतेकांत नशा थांबल्यावर ते काही दिवसांत ते आठवड्यांत ओसरतं. महिना उलटला तरी राहिलं तर वेगळ्या मानसिक आजाराचा विचार करावा लागतो. तेव्हा 'नशेचंच असेल' म्हणून थांबू नका.

दाखल करायचं का, आणि कुठे

सगळ्यांना दाखल करावं लागत नाही. ज्याचं घर सोबत आहे, संशयाचा किंवा जिवाचा धोका नाही, तो ओपीडीत येऊन-जाऊनही बरा होतो. आत्महत्येचा विचार, हिंसा, भ्रम, टोचून घेणं, किंवा घरातच दुसरा घेणारा असणं, अशा वेळी दाखल करणं योग्य.

केंद्र निवडताना मी घरच्यांना आधी एकटं जाऊन यायला सांगते. राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी भिंतीवर आहे का? मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतो? नातेवाइकांना भेटू देतात का, फोन करू देतात का? स्वयंपाकघर आणि संडास बघा. रात्री घरी येऊन चार माणसं उचलून नेतात असं कुणी अभिमानाने सांगितलं, तर तिथून उठून या. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार येतात. या कायद्याने साखळीने बांधून ठेवायला बंदी आहे. इच्छेविरुद्ध दाखल करण्याला नियम आहेत. कलम ८९ नुसार त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे त्याच्या वतीने बोलायला ठरलेल्या माणसाचा, अर्ज लागतो, मानसोपचारतज्ज्ञासह दोघांची स्वतंत्र तपासणी लागते, आणि मुदत तीस दिवसांपर्यंत. याच कायद्यानुसार आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे. पॉलिसी असेल तर विचारून घ्या.

पुण्याचं मुक्तांगण १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं. बाहेरगावी पाठवायची तयारी असेल तर तेही बघा. पण कुठेही पाठवलं तरी परत आल्यावरचा डॉक्टर आणि समुपदेशक कोल्हापुरात आधीच ठरलेला हवा. मी बघितलेल्या बहुतेक घसरणी केंद्रातून घरी आल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतल्या आहेत.

मुख्य उपचार

मेथचं व्यसन सोडवणारी मान्यताप्राप्त गोळी अजून जगात कुठेच नाही. जो कुणी खात्री देतो, तो फसवतो. काही औषधांचा थोडा उपयोग दिसलाय. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत नाल्ट्रेक्सोनचं इंजेक्शन आणि ब्युप्रोपिऑनच्या गोळ्या एकत्र दिल्यावर १३.६ टक्के लोकांना फायदा झाला. ज्यांना औषध नसलेल्या गोळ्या दिल्या त्यांच्यात हे प्रमाण २.५ टक्के होतं. मिर्टाझेपिनचाही काही जणांना उपयोग होतो. हे निर्णय डॉक्टरचे.

सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो बक्षीस पद्धतीचा. आठवड्यातून दोनदा लघवीची तपासणी करायची. स्वच्छ आली की लगेच, त्याच क्षणी छोटं बक्षीस द्यायचं. पुढच्या प्रत्येक स्वच्छ तपासणीला ते थोडं वाढवायचं. नशा दिसली तर बक्षीस नाही, ओरडाही नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्या रकमेपासून सुरुवात. अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत २०११ पासून हे वापरतात. साधारण तीन ते सहा महिने चालवतात.

घरच्यांना हे ऐकून राग येतो. "नशा न करण्याचे पैसे द्यायचे?" असं वडील विचारतात. ज्या मेंदूला साध्या गोष्टींचा आनंद होणं बंद झालंय, त्याला ताबडतोब मिळणारं काहीतरी चांगलं पुन्हा ओळखीचं करून द्यावं लागतं. 'वर्षभर नीट राहिलास तर बुलेट घेऊन देतो' हे त्या मेंदूला ऐकूच जात नाही. आज सोमवारी मिळणारा पन्नासाचा रिचार्ज ऐकू जातो. समुपदेशकाच्या मदतीने असं बसवा: पहिल्या स्वच्छ तपासणीला पन्नास, पुढे दर वेळी दहा वाढवत. रोख नको. रिचार्ज, पेट्रोल, केस कापायचे पैसे, रविवारी त्याच्या पसंतीचा तांबडा-पांढरा. तपासणी शक्यतो ओपीडीत किंवा समुपदेशकाकडे करा, म्हणजे आई पोलीस होत नाही. एमडी घेणाऱ्यासाठी ती किटवर पकडता येईल का हे आधी विचारून घ्या. पकडता येत नसेल तर दर भेटीला वेळेवर हजर राहणं, दिलेलं काम पूर्ण करणं यावर बक्षीस ठेवता येतं.

याच्या जोडीला आठवड्याचं समुपदेशन. त्यात तो स्वतःची साखळी ओळखायला शिकतो. पगाराचा दिवस, ठरावीक मित्राचा फोन, रिकामी खोली, रात्री अकरानंतरचा मोबाइल, बायकोशी भांडण. तलफ आली की ती बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत उतरते, म्हणून तो अर्धा तास कसा काढायचा हे लेखी ठरलेलं असावं. कुणाला फोन, कुठे चालत जायचं. रंकाळ्याला एक फेरी मारून येणारे, गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर जाऊन बसणारे, असे मी पाहिलेत. तुळशीची माळ घालायची त्याची स्वतःची इच्छा असेल तर जरूर घालू द्या. वारकऱ्यांची संगत पुष्कळांना तारते. ओपीडी मात्र चालू ठेवा.

तिसरा महिना ते बारावा

इथे घरं हात सोडतात. पोरगा जेवतोय, झोपतोय, अंगाने भरलाय, मग आता काय? त्याच्या आत मात्र अजून रंग भरलेले नसतात. मेथ सोडलेल्यांच्या मेंदूच्या तपासण्यांत असं दिसलंय की डोपामिनच्या यंत्रणेची झीज भरून यायला वर्षभर किंवा जास्तही लागतं. तोवर कंटाळा, आळस, विसराळूपणा राहतो. हा आजाराचाच उतार आहे हे त्याला आणि घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. नाहीतर तो म्हणतो, "सोडूनही असंच वाटणार असेल तर सोडलं कशाला?" आणि घर म्हणतं, "कामचुकार झालाय."

याच काळात स्थळं बघायला सुरुवात होते. माझी कळकळीची विनंती आहे, वर्षभर तरी नको. मुलीकडच्यांपासून लपवून तर कधीच नको. येणारी मुलगी औषध नाही, आणि तिच्या आयुष्याशी खेळायचा हक्क आपल्याला नाही.

पैशाची सोय त्याच्याशी बोलून करा. पगार थेट खात्यावर, खातं जोडनावाने, यूपीआयची मर्यादा कमी, कर्जाची ॲप काढून टाकलेली. नंबर आणि सिम बदला. रात्रपाळी असेल तर मुकादमाला कारण न सांगताही दिवसपाळी मागता येते, डॉक्टरचं पत्र मिळतं. ज्या जिममधून सुरुवात झाली तिथे परत नको. व्यायाम सोडायची गरज नाही. उलट नियमित व्यायामाने झोप आणि मन दोन्ही सावरतात, जागा तेवढी बदला. दात दाखवा. तुटलेल्या, काळ्या दातांमुळे पोरं हसणं बंद करतात आणि लोकांत मिसळणं टाळतात. दातांचं काम झाल्यावर माणूस किती बदलतो ते मी अनेकदा पाहिलंय.

आणि तुमची झोप? वही लिहिणाऱ्या त्या आईचा रक्तदाब आम्ही मोजला तेव्हा तिलाच आधी गोळी सुरू करावी लागली. घरच्यांसाठीच्या बैठका असतील तिथे जा, नसतील तर तुमच्या डॉक्टरशी, एखाद्या बहिणीशी मोकळं बोला. मार खाऊन घरात राहणं ही सेवा नव्हे. बायकोला किंवा मुलांना धोका असेल तर त्यांची वेगळी राहायची सोय करणं हाही उपचाराचाच भाग आहे.

घसरला तर

बरेच जण एकदा तरी घसरतात. ज्या दिवशी कळेल त्या दिवशी मोठी चर्चा नको. आधी शरीर बघा: छाती, ताप, शुद्ध. बऱ्याच दिवसांनी पूर्वीइतकाच घेतला तर शरीराला तो झेपत नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवलेलं बरं. झोप पूर्ण झाल्यावर एवढंच विचारा: कुणाबरोबर, कुठे, त्याआधी दोन दिवसांत काय झालं? उत्तर वहीत लिहा. पुढचं समुपदेशन त्याच उत्तरावर होतं. लपवून ठेवलं नाही, स्वतःहून सांगितलं, तर तसं त्याला बोलून दाखवा. त्याच आठवड्यात ओपीडीला घेऊन जा, बक्षीस पुन्हा पन्नासावर आणा आणि पुढची तपासणी ठरलेल्या वारीच करा.